रिकाम्या काचेवरचा दाणा

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कारखान्याला एक मिनिट जास्त दिलं नाही आणि एक मिनिट कमीही दिलं नाही. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. कृष्णाकाठच्या त्याच साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. कोण कधी आत आला आणि कधी बाहेर पडला हे लिहून ठेवणं, एवढंच माझं काम. सांगलीहून आणलेलं वाचनालयाचं पुस्तक संपलं की मी जुनी हजेरीपुस्तकं वाचत बसे, आणि एखाद्या बऱ्या कादंबरीइतका कल्पनाविलास मला त्यांतही सापडे. एकाच आजीला तीन हंगामांत तीनदा अग्नी देऊन आलेले नातू मला तिथंच भेटले. त्या सगळ्या ललित वाङ्मयात निखळ सत्य म्हणावी अशी एकच ओळ होती, ती मामांची. पाळी पहाटे चारची असो, दुपारी बाराची असो की रात्री आठची, मामा भोंग्याआधी दहा मिनिटं फाटकातून आत यायचे आणि आठ तासांनी भोंगा झाला की हात धुऊन बाहेर पडायचे. एका वर्षी वाफेचा काहीतरी घोटाळा होऊन बाराचा भोंगा वाजलाच नाही. वरच्या सज्जातल्या नळावर मामा हात धुताना दिसले, तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने कुणालाही न विचारता रुळाच्या तुकड्यावर टोल दिले आणि पाळी बदलली. पुढे रीतसर चौकशी झाली. वॉचमन म्हणाला, "साहेब, भोंगा बिघडतोय. मामा बिघडल्यालं कवा बघितलंय का?" चौकशी तिथंच मिटली.

मामा पॅनमन होते. पॅन म्हणजे दीड-दोन मजले उंचीची बंद लोखंडी कढई. तिच्यात उसाचा पाक वाफेवर शिजतो आणि शिजता शिजता एका क्षणी त्यात साखरेचा दाणा धरतो. तो क्षण कुठल्याही यंत्राला कळत नसे, पॅनमनलाच कळावा लागे. मामा एका लांब दांडीने पॅनच्या पोटातला थेंब बाहेर काढायचे, वीतभर काचेवर पसरायचे आणि काच खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. मी एकदोनदा त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. मला मध दिसला. मामांना त्यात अख्खी वस्ती दिसायची. कोण वाढीला लागलाय, कोण खुरटलाय, कोण शेजाऱ्याला चिकटून बसलाय. "ही बारकी पोरं उगंच गर्दी कराय लागल्याती," असं पुटपुटत ते वाफेचा कॉक केसभर फिरवायचे. त्यानंतर तासाभराने प्रयोगशाळेतले पदवीधर केमिस्ट कागदावर आकडे मांडून त्याच निष्कर्षाला यायचे आणि तो निष्कर्ष मामांना सांगायला वर यायचे. मामा तो आदराने ऐकून घ्यायचे.

हे सगळं ते बसून करत. ही साधी गोष्ट वाटेल, पण आमच्या कारखान्यात ती क्रांती होती. बसलेला माणूस काम करत नाही, अशी साहेब लोकांची फार जुनी श्रद्धा होती. म्हणून पॅनच्या मजल्यावर स्टूलसुद्धा ठेवत नसत. माणसं आठ तास उभी राहत आणि त्यांच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरांची झाडं उगवत. मामांनी घरची लाकडी खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली आणि पॅनसमोर मांडली. इंजिनिअर साहेबांनी हरकत घेतली तेव्हा मामांनी अगदी मनापासून विचारलं, "आवं साहेब, मी उबा ऱ्हायलो म्हंजे दाणा मोठा हुतो का? हुत आसंल तर सांगा, उबा ऱ्हातो." साहेबांनी विचार केला. इंजिनिअर झालेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच द्यावं लागतं. खुर्ची राहिली. पुढच्या हंगामापर्यंत त्या मजल्यावर आणखी तीन खुर्च्या आल्या. एकीचा पाय तुटका होता, पण तिच्यावर बसणारा माणूस ताठ बसायचा.

जेवणाचंही तेच. अर्ध्या तासाच्या सुटीत मामा धुतलेला पंचा पसरून, त्यावर भाकरी, झुणका आणि कांदा मांडून, एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसावं तसे सावकाश जेवत. एकदा चीफ केमिस्ट स्वतः धावत आले, पाकाचं काहीतरी निकडीचं विचारू लागले. मामांनी बोट वर केलं, तोंडातला घास बत्तीस वेळा चावला, गिळला आणि म्हणाले, "भाकरी खातोय. पाकापाशी माणूस उभा हाय, त्येला इचारा. मला भाकरीचं काय इचारायचं आसंल तर इचारा." चहा कपबशीतूनच घ्यायचे. यंत्राशेजारी उभं राहून एका हाताने कॉक धरून दुसऱ्या हाताने ग्लासातला चहा ओतून घेणाऱ्यांकडे ते ज्या करुणेने पाहत, तशी करुणा मी देवळातल्या मूर्तींच्या चेहऱ्यावरच पाहिली आहे.

त्यांच्या हिशेबात घर आणि कारखाना ही दोन राज्यं होती आणि सरहद्दीवर त्यांचा कडक पहारा होता. घरी मी 'जावईबापू'. कारखान्यात मी 'टाइमकीपर साहेब', आणि ओळख जेमतेम. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मामींनी माझ्याजवळ निरोप दिला की कऱ्हाडचे पाहुणे आलेत, जेवायला थांबणार आहेत, येताना वाटेवरून काहीतरी गोड आणा. मी चार जिने चढून मामांच्या कानाशी निरोप सांगितला. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे मला घरी सांगा." संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. मामा ओसरीवर बसले होते. माझ्यासाठी पाट सरकवून, चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता आणून त्यांनी विचारलं, "हां जावईबापू, काय म्हनत हुता मगाशी?" पाहुणे तोवर नुसत्या भाकरीवर जेवून कऱ्हाडला पोचलेही होते. मामी आठ दिवस माझ्याशीच बोलल्या नाहीत.

पण मामांच्या साऱ्या सवयींचा कळस म्हणजे त्यांचं चार्ज देणं. पाळी बदलताना जाणारा पॅनमन येणाऱ्याच्या हाती पॅन सोपवतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. इतरांचा चार्ज म्हणजे "बघ रं" आणि "हां". मामांचा चार्ज म्हणजे राज्याभिषेक. ते आधी हात धुवायचे. मग ताजा थेंब काचेवर घेऊन ती काच येणाऱ्याच्या हातात द्यायचे. त्याने ती उजेडाकडे धरून दाणा कसा आहे ते आपल्या तोंडाने सांगायचं. ते बरोबर आलं की मामा त्याच्या दोन्ही डोळ्यांत बघायचे, डॉक्टर बघतात तसं, कधीकधी खालची पापणी बोटाने ओढूनसुद्धा. आणि मग म्हणायचे, "घ्या. आता ह्यो तुमचा." पोरंसोरं याची नक्कल करून हसायची. मीही हसायचो. एकदा मी त्यांना विचारलं, अर्थात घरी नव्हे, कारखान्यात, की डोळ्यांत काय बघता? काच पुसत ते म्हणाले, "माझ्या वस्तादानं सोळा तास ओढलं हुतं त्या दिशी. कॉक उलटा फिरीवला. मी त्येच्याकडनं चार्ज घ्यायला आलो, तर जिन्यात त्येला खाली आणत हुती मानसं." एवढंच. वाफेने भाजलेला माणूस कसा दिसतो ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर मी ती नक्कल पाहून हसलो नाही.

नव्वदीच्या मध्यावर आमच्याकडे नवे एम.डी. साहेब आले. त्यांनी कुठलंसं मोठं प्रशिक्षण घेतलं होतं आणि ते घेतलेल्या माणसाला सहसा जे होतं ते त्यांनाही झालं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी कारखाना हे एक कुटुंब असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या महिन्यात कुटुंबातल्या रजा बंद केल्या. तिसऱ्या महिन्यात भिंतींवर सुविचार रंगवून घेतले. पॅनच्या मजल्यावर बरोबर घड्याळाखाली लिहिलं होतं, 'घड्याळाकडे नको, ध्येयाकडे पाहा.' मामांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाचाय मान वर केली की पयलं घड्याळच दिसतंय. पेंटर शाना हाय." त्याच हंगामात साहेबांनी 'श्रमवीर' पुरस्कार काढला. हंगामात सर्वांत जास्त जादा पाळ्या करील त्याला समारंभात शाल, श्रीफळ आणि चेअरमनसाहेबांबरोबर फोटो. कुणाच्या किती जादा पाळ्या झाल्या हे रोज फाटकावरच्या फळ्यावर लिहायचं, आणि ते लिहायचं मी, कारण माझं अक्षर चांगलं. एखाद्या पापात सामील व्हायला तेवढी पात्रता पुरते.

फळ्यावर सर्वांत वरचं नाव होतं संपतचं. संपत हा मामांचा रिलीव्हर, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पाळीचा पॅनमन. मूळचा विट्याकडचा, तिशीतला, हसरा आणि हाताचा गुणी. त्याचे तीन थोरले भाऊ दक्षिणेत सोनं गाळायची दुकानं थाटून बसले होते. जत्रेला ते मोटारीतून गावी उतरत तेव्हा त्यांच्या बोटांत अंगठ्या असत, आणि संपतच्या बोटांना पाकाचा वास. "आमचा धाकटा साखर ढवळतोय," असं थोरला चारचौघांत म्हणे. संपतला ती शाल हवी होती. चेअरमनच्या शेजारी उभा असलेला आपला फोटो विट्याच्या घरात, मोटारीच्या फोटोशेजारी टांगायचा होता. त्यासाठी तो त्या हंगामात दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, उभा राहिला. फेब्रुवारीत तो जिन्यात बसून बुटाची नाडी बांधता बांधता झोपलेला मी पाहिला. मी त्याला उठवलं आणि फळ्यावर त्याची आणखी एक पाळी लिहिली.

हंगाम संपत आला आणि समारंभाचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी संपतने दुपारी बारापासून पहाटे चारपर्यंत सलग दोन पाळ्या केल्या होत्या. चारला मामांनीच त्याच्याकडून चार्ज घेतला होता आणि "नीट घरी जा आन् झोप" म्हणून बजावलं होतं. पण घरी जातो कुठला? सकाळी त्याला मांडवात बोलावलं. शाल घेताना कुठं उभं राहायचं, कुठल्या हाताने नारळ घ्यायचा, याची तालीम झाली. मग न्हावी झाला, मग फोटोवाला झाला. साहेबांची कल्पना अशी की संपतने बाराला पॅन हाती घ्यावं आणि एक वाजता यंत्रावरून थेट व्यासपीठावर यावं, घामासकट. कल्पना नाट्यमय होती. भाऊ विट्याहून मोटार घेऊन आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते.

बाराला दहा कमी असताना कपाळाला टिळा लावलेला संपत वर गेला. पुढचं मला त्या मजल्यावरच्या चौघांनी वेगवेगळं सांगितलं आणि चौघांचंही तंतोतंत जुळलं, हेही आमच्याकडे आक्रीतच. मामांनी हात धुतले. काच संपतच्या हातात दिली. संपतने ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाला, "येक नंबर हाय मामा. दाणा येकसारका हाय."

मामांनी काचेवर काहीच घेतलं नव्हतं. धुऊन, पुसून कोरडी केलेली काच होती ती.

भोंगा झाला. सगळा कारखाना ज्या क्षणी मामांच्या पाठीकडे बघायचा त्या क्षणी मामा परत खुर्चीत बसले. म्हणाले, "संपतराव, चार्ज मिळणार न्हाई."

"मामा, आसं काय करताय? एक वाजता शाल हाय! दादा आल्याती गाडी घिऊन!"

"शाल झोपल्यावर बी पांगरता येती," मामा म्हणाले. "त्या पोत्यावर आडवा हो."

"मामा, पाया पडतो..."

"ह्या डोळ्यांनी पाय बी सापडायचं न्हाईत तुला. आडवा हो."

संपत वाद घालायला म्हणून पोत्यांच्या थप्पीवर टेकला आणि वाक्य अर्ध्यात टाकून झोपला. मामांनी आपला पंचा त्याच्या अंगावर टाकला आणि दांडीने पहिला खरा थेंब बाहेर काढला.

पाऊण वाजता साहेबांनी मला वर पिटाळलं. मी धापा टाकत पोचलो तर मामा काच बघत बसलेले आणि श्रमवीर तोंड उघडं टाकून घोरत पडलेला. "टाइमकीपर साहेब," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिव्हा. रिलीव्हर आला न्हाई."

"मामा, तो तर इथं झोपलाय."

"आला न्हाई. आला आसता तर त्येला काच रिकामी दिसली आसती."

मी खाली येऊन जे सांगितलं ते साहेबांना पटलं नाही. ते स्वतः वर आले, कोटासकट, त्या उन्हाळ्यात, त्या वाफेत. मागे शालीचं तबक घेतलेला शिपाई, त्याच्यामागे फोटोवाला, आणि काय प्रकार आहे ते बघायला संपतचा थोरला भाऊ. आता मामांची नोकरी जाणार असं मला वाटलं. पण साहेबांचं प्रशिक्षण मी कमी लेखलं होतं. त्यांनी खुर्चीत बसलेल्या मामांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मामा! तुम्ही पाळी संपून तासभर जास्त थांबलात! शेवटी तुम्हीसुद्धा!" त्यांना वाटलं, मामांना ध्येय दिसलं. व्यासपीठावर चेअरमन वाट बघत होते, कुणाच्या तरी अंगावर शाल पडणं निकडीचं होतं. साहेबांनी तबकातली शाल उचलली आणि मामांच्या खांद्यांवर घातली. फोटोवाल्याने यंत्र डोळ्याला लावलं.

मामा उठले. साहेब आल्यावर ते उठलेले मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट झटकली, दोन पावलं गेले आणि संपतच्या अंगावरचा पंचा काढून त्याच्या जागी ती शाल घातली. पायांकडून खोचली. पंचा आपल्या खांद्यावर टाकला आणि परत येऊन बसले. "मी जास्त न्हाई थांबलो साहेब," ते म्हणाले. "ह्येची झोप ऱ्हायलीया. ती हुंद्या. मी बसलोय."

फोटोवाल्याचं बोट त्याच वेळी दाबलं गेलं. पॅनचा तेवढा आवाज येत होता. मग संपतचा थोरला भाऊ, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला, अंगठ्यांसकट त्या तेलकट जमिनीवर बसला आणि भावाच्या पायांपाशी हात ठेवून म्हणाला, "लय वर्सांनी झोपल्यालं बघितलं ह्येला. ल्हानपनी आसंच तोंड उगडं टाकायचा." मी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले आहेत. मान खाली घालून, पायांतल्या चपलांकडे बघत उभं राहावंसं वाटलं असा तो एकच.

मामा त्या दिवशी रात्री आठच्या भोंग्यापर्यंत बसले. आठला आलेल्या माणसाचे डोळे पाहून त्यांनी चार्ज दिला. जादा पाळीच्या कागदावर सही करायला मी त्यांच्यापुढे पेन धरलं तर म्हणाले, "माझी पाळी बाराला संपली. ती संपतची हुती." दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावरचा फळा ओल्या फडक्याने पुसला आणि साहेबांना सांगितलं की खडू संपलेत. पुढच्या हंगामातही ते संपलेलेच होते. माझ्या नोकरीतलं एवढंच काय ते शौर्य.

मामांची निवृत्ती त्याच वर्षी होती. चांगल्या पॅनमनला दोन-तीन हंगाम वाढवून द्यायची आमच्याकडे रीत होती, आणि त्यांच्याएवढा पॅनमन पंचक्रोशीत नव्हता. पण मुदतवाढीचं पत्र आलं नाही. मामींनी मला सांगितलं की त्या महिनाभर मामा टपालवाल्याच्या वेळेला ओसरीवर बसायचे, सहज बसल्यासारखे. शेवटच्या दिवशी बाराला त्यांनी हात धुतले, काच भरून संपतला दिली. संपतने दाणा सांगितला. मामांनी त्याचे डोळे पाहिले. ओले होते, पण जागे होते. "घ्या. आता ह्यो तुमचा," म्हणाले. ती काच तेवढी त्यांनी मागून घेतली आणि पुसली. खुर्ची नेली नाही. भोंगा वाजून थांबायच्या आत ते फाटकाबाहेर होते.

दशक संपता संपता मी त्यांना भेटायला पाटणकडच्या त्यांच्या गावी गेलो. माझ्या टाइम ऑफिसात तोवर कॉम्प्युटर आला होता, मी अधिकारी झालो होतो, आणि त्याचा अर्थ अंधार पडल्याशिवाय घरी जायचं नाही असा होता. कारखान्याने भोंगाही बंद केला होता. आता प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे, मग भोंगा कशाला, असं साहेबांचं म्हणणं. त्यामुळे पाळी सुरू कधी होते हे सगळ्यांना कळत होतं, संपते कधी ते कळत नव्हतं. संपतने मात्र आपल्या मजल्यावर रुळाचा तुकडा टांगलाय आणि तो डोळे बघितल्याशिवाय चार्ज घेतही नाही, देतही नाही, हे मी मामांना सांगितलं. विट्याच्या घरात मोटारीच्या फोटोशेजारी शाल पांघरून झोपलेल्या संपतचा फोटो टांगलाय, हेही सांगितलं. मामा शेंगा सोलत ऐकत होते. मधेच थांबले, हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि रांजणापाशी जाऊन हात धुतले. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते.

हात पुसत ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग देवळीतली ती वीतभर काच काढून माझ्या हातात दिली. "जावईबापू, दाणा कसा हाय?"

मी काच उजेडाकडे धरली. पलीकडे अंगण दिसलं, मामींचं वाळवण दिसलं, लांबवर डोंगराची कड दिसली. "काहीच नाही मामा. रिकामी आहे."

"मंग अजून बरं हाय," मामा म्हणाले आणि समाधानाने शेंगांकडे वळले.

निघताना काच त्यांनी मला देऊन टाकली. ते आता नाहीत. काच माझ्या टेबलाच्या खणात असते. उजेड मावळला आणि समोरच्या पडद्यावरच्या ओळी हलायला लागल्या, की मी ती काढून खिडकीकडे धरतो. बहुतेक वेळा ती रिकामीच असते. दोन-तीनदा मात्र मला त्यात दाणा दिसल्यासारखा वाटला, अगदी एकसारखा, सुरेख. तेव्हा मी काच खणात ठेवली, नळावर जाऊन हात धुतले आणि घरी गेलो.